पांढरी चार, तीन मात्रा आणि अव्वाचा पाळणा

आमच्या घरात पेटी एकच आणि तिच्यावर हक्क सांगणारी माणसे तीन. पेटी मूळची बाबांची. शहापुरातल्या भजनात ते ती वाजवायचे. ते गेल्यानंतर रविवारी सकाळी मी तिच्यासमोर बसतो, संध्याकाळी माझी मुलगी बसते, आणि अव्वा, म्हणजे माझी आई, रोज सकाळी ती मऊ फडक्याने पुसते. वाजवत मात्र ती कधीच नाही. अव्वाचे माहेर बैलहोंगलकडचे. त्यामुळे आमच्याकडे भांडण मराठीत होते, लाड कन्नडमध्ये होतात आणि वाण्याचा हिशेब दोन्हींत होतो. आपल्या भागातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

गोष्ट गेल्या डिसेंबरातली. मुलगी पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पेटीवर काहीतरी वाजवायचे असे तिने ठरवले, आणि निवडले काय, तर एक जपानी गाणे. मी म्हटले, "अगं, एखादं नाट्यगीत वाजव, भावगीत वाजव. लोकांना कळेल तरी." तर म्हणते, "पप्पा, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींना हे पाठ आहे. नाट्यगीत कुणाला येतंय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या पिढीला हिंदीत बोलणारा डोरेमॉन शेजारच्या घरातला वाटत आला, तिला जपान लांबचे वाटण्याचे कारण नाही.

गाण्याचे नाव 'इत्सुमो नान्दो देमो'. अर्थ साधारण 'नेहमीच, कितीही वेळा' असा. हायाओ मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे' या चित्रपटाच्या अगदी शेवटी, श्रेयनामे सरकू लागतात तेव्हा ते येते. चित्रपट जपानमध्ये २००१ साली आला, २००३ साली त्याला ऑस्कर मिळाले. आमच्या घरात तो आला २०२० मध्ये, टाळेबंदीत. तेव्हा नेटफ्लिक्सवर हे चित्रपट नुकतेच आले होते आणि घराबाहेर तर पडायचे नव्हते. दहा वर्षांची चिहिरो आईबापांबरोबर नव्या गावी निघते, वाटेत एका ओसाड जागी शिरते, आईबाप तिथले अन्न खाऊन डुकरे होतात आणि ही एकटी पोर देवादिकांच्या एका हमामखान्यात नोकरीला राहते. हमामखान्याची मालकीण आधी तिचे नाव काढून घेते. नावातली बाकीची अक्षरे उचलते, एकच उरवते आणि सांगते, आजपासून तू 'सेन'. आपले खरे नाव विसरलीस तर घरी परतायची वाट सापडणार नाही, हे चिहिरोला दुसरा एक मुलगा बजावतो. त्याला स्वतःचे नाव आठवत नसते. तो असतो एका बुजवलेल्या नदीचा देव.

अव्वाने हा चित्रपट तेव्हा आमच्याबरोबर अर्धा पाहिला होता. डुकरे आली तेव्हा उठून आत गेली.

आता गाण्याकडे वळतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, संगीत नव्हे. पण लहानपणी बाबांनी मला गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत ढकलले होते, आणि तेवढ्या भांडवलावर माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढू शकतो. मी मुलीच्या मोबाइलवर गाणे ऐकले आणि पेटीवर सूर शोधला. पांढरी चार. इंग्रजी पद्धतीत ज्याला एफ म्हणतात तो. त्याला सा धरले की सगळे स्वर शुद्ध पडतात. म्हणजे आपला बिलावल थाट, आणि अव्वाच्या माहेरी कर्नाटक संगीत शिकलेल्या मंडळींच्या भाषेत शंकराभरण. पाश्चात्त्यांच्या भाषेत मेजर. ठेका तीन-तीन मात्रांचा.

मी जरा निराशच झालो, हे कबूल करतो. जपानी म्हटल्यावर मी काही वेगळे मनात धरून बसलो होतो. जपानची 'साकुरा' ही जुनी धून अनेकांनी ऐकली असेल. तिच्या स्वरांची मोळी आपल्या गुणकलीसारखी आहे, सा, कोमल रिषभ, मध्यम, पंचम आणि कोमल धैवत. चलन अर्थातच गुणकलीचे नाही, पण स्वर तेच पाच. मेइजी काळात जपानने पाश्चात्त्य संगीत शाळांत आणले तेव्हा मध्यम आणि निषाद गाळलेली पाच स्वरांची आणखी एक सरगम तिथे रुळली, ती तर थेट भूप. कर्नाटक संगीतात मोहनम. तेव्हा मी भूप शोधत होतो. पण या गाण्यात मध्यमही आहे आणि निषादही आहे.

मी मुलीला सांगितले, "सगळे शुद्ध स्वर. दादऱ्यासारखा ठेका. सरळ आनंदी गाणं आहे. तू रडकं का वाजवतेस?"

कारण ती ते फारच सावकाश वाजवत होती. प्रत्येक सुरावर रेंगाळत, मधेच थांबत, भाता अर्धवट सोडून. तिच्या कीबोर्डच्या क्लासमध्ये मेजर म्हणजे हॅपी आणि मायनर म्हणजे सॅड असेच शिकवले होते. पण हे गाणे सॅड आहे यावर ती ठाम होती. मी म्हटले, ठरव एकदा. एकतर तुझा क्लास चुकीचा, नाहीतर तू. मग मोबाइलमधला तबला लावला, दादरा, लय जरा चढी, आणि तिला त्यावर वाजवायला बसवले.

वाईट वाजले असे नाही. धा धी ना, धा ती ना, असे ठोके पडू लागले आणि गाणे लग्नाच्या वरातीतून चालल्यासारखे टुणटुण चालू लागले. दोन ओळी झाल्या आणि मुलीने पेटी मिटली. "पप्पा, तुम्ही ऐकतच नाही की. नुसतं मोजताय." एवढे बोलून ती आत गेली. त्या रात्री जेवताना ती माझ्याशी बोलली नाही. माझी बायको दोघांकडे बघून म्हणाली, "जपानात एवढं काय झालंय?"

रात्री झोप येईना तेव्हा मी इअरफोन लावून ते गाणे पुन्हा ऐकले. या खेपेस पेटी नाही, कागद नाही. गायिका योउमी किमुरा. हातात लायर नावाचे एक छोटे तंतुवाद्य घेऊन त्या स्वतःच वाजवतात आणि गातात. हे वाद्य दिसायला ग्रीक चित्रांतल्या प्राचीन वीणेसारखे, पण आजचे त्याचे रूप फार जुने नाही. १९२६ साली ते घडवले गेले. मांडीवर घ्यायचे आणि बोटांनी तार छेडायची. तार छेडली की सूर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. पुढचा सूर येईपर्यंत मागचा जवळजवळ गेलेला असतो. पेटीचे याच्या बरोबर उलट. पेटीचा सूर बोट उचलेपर्यंत जात नाही, छातीवर बसून राहतो. माझी मुलगी भाता अर्धवट का सोडत होती हे मला तेव्हा उमगले. ती सूर विझवायला बघत होती. पेटीवर ते अवघड आहे.

आणि तबला? त्या गाण्यात ठोका असा नाहीच. पहिल्या मात्रेवर थोडेसे वजन, पुढच्या दोन हलक्या. एक-दोन-तीन असे मोजले तर गाणे बऱ्यापैकी चपळ आहे. पण तिन्ही मात्रा मिळून एकच हेलकावा धरला तर ते संथ आहे. दोन्ही एकाच वेळी खरे. आपण लय म्हणून नेमके काय मोजायचे, सुटी मात्रा की अख्खे आवर्तन, हा प्रश्न मला प्रवेशिकेत कोणी विचारला नव्हता. मी मोजली होती मात्रा. मुलगी बहुधा हेलकावा ऐकत होती, आणि तोही तिने गरजेपेक्षा लांबवला होता.

मग चालीकडे लक्ष दिले. ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांनी पांढरी चार सा धरून वाजवून पाहावे. सुरुवात चढती आहे: सा रे ग सा, आणि तिथून एकदम पंचम. इथे कोणालाही वाटेल की आता गाणे वर जाणार. ते जात नाही. ग रे करून उतरते. पुन्हा पंचम घेते, रे सा करून उतरते. मग खाली मंद्र धैवतावर जाते, तिथून गंधाराला शिवते, सा, आणि थांबते कुठे, तर मंद्र निषादावर. निषाद हा काही थांबण्याचा स्वर नव्हे, सा एका पायरीवर असताना तो दाराबाहेर उभा राहतो. आणि मंद्र धैवत, सा आणि गंधार हे तीन स्वर पाश्चात्त्यांच्या हिशेबात मायनरचे त्रिकूट. म्हणजे सगळे शुद्ध स्वर असलेल्या या सरळ घरात एक खोली अंधारी आहे आणि गाणे पहिल्याच ओळीत तिथे डोकावून येते. कुठलाही स्वर कोमल न करता. पुढची ओळ मध्यमापर्यंत चढते आणि रिषभावर सोडून देते. सा लागतो तो चाल पुन्हा फिरून आल्यावर, दुसऱ्या खेपेस.

मला वाटते गाण्याचा भाव आहे तो या उशिरा लागणाऱ्या सामध्ये. शब्दांचे सांगायचे तर मुलीने मला भाषांतर वाचून दाखवले होते. मोजता न येणारी दुःखे, निरोप, जगणे आणि मरणे ही दोन्ही नवलाची असणे, आणि शेवटी जे शोधत होतो ते दूर समुद्रापार नसून इथेच सापडल्याची जाणीव, असा त्याचा प्रवास आहे. शब्द वाकाको काकू या कवयित्रीचे. चांगलेच आहेत. पण ज्याला जपानीचे एक अक्षर कळत नाही तोही डोळे पुसतो, तेव्हा काम चालीनेच केलेले असते.

या गाण्याचा जन्मही गमतीचा आहे. गमतीचा हा शब्द बरोबर नाही, पण असू दे. मियाझाकींचा १९९७ चा 'प्रिन्सेस मोनोनोके' पाहून किमुरा यांनी त्यांना पत्र लिहिले, आपले गाणेही पाठवले. मियाझाकींनी उत्तरात आपण एका चित्रपटाचा विचार करत आहोत असे कळवले. धुराड्यांवर चित्रे काढणाऱ्या रिन नावाच्या मुलीचा तो चित्रपट. त्यासाठी किमुरा आणि काकू यांनी हे गाणे केले. चित्रपट मात्र झालाच नाही, बेत रद्द झाला. गाणे तसेच पडून राहिले आणि पुढे चिहिरोच्या चित्रपटाला शेवटी जोडले गेले. बाकीच्या चित्रपटाचे संगीत जो हिसाइशी या नामवंत संगीतकाराचे, शेवटचे हे एक गाणे तेवढे बाहेरून आलेले. 'चिहिरो'च्या मापाने शिवलेले ते नाहीच. तरी अंगाला येते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुलीला म्हटले, "वाजव तुझ्या पद्धतीनं. मी बोलणार नाही." तिने संशयाने पाहिले, पण बसली. अव्वा मधल्या खोलीत चुक्याची भाजी निवडत होती. मुलीने पहिली ओळ धरली, नेहमीसारखीच अतिसंथ. दुसऱ्या ओळीला अव्वा दारात येऊन उभी राहिली, भाजीची जुडी हातात तशीच.

"पुट्टी, इदु जोगुळ अल्लेन?" तिने विचारले. हे जोगुळ, म्हणजे अंगाईच ना?

"नाही अज्जी, सिनेमातलं गाणं आहे. जपानी."

"असू दे. जोगुळच आहे. खरं इतकं निधान नाही वाजवायचं. इतक्या निधानानं मूल झोपत नाही, उठून बसतं." आणि ती खाली बसली, पेटीसमोर, मांडी घालून. "हं. बारसु."

मुलीने लय थोडी वाढवली. अव्वा म्हणाली, "इन्नू स्वल्प." आणखी थोडी वाढवली. "निल्लु. आता हीच धर." आणि अव्वाचा उजवा हात आपोआप हलू लागला. हलकेच मागे ओढायचा, सोडून द्यायचा. ओढायचा, सोडून द्यायचा. पहिल्यांदा मला वाटले ती ताल धरते आहे. पण ताल असा कोणी धरत नाही. तळहात वर, बोटे मिटलेली. त्या हातात एक दोरी होती. दिसत नव्हती एवढेच.

मी मोजायचे नाही असे कबूल केले होते, तरी मोजले. तीन मात्रा ओढायला, तीन मात्रा सोडायला. सहा मात्रांचे एक पूर्ण आवर्तन. दादराच, पण त्यात धा नव्हता.

दोन्ही ओळी संपल्या आणि मुलगी रिषभावर थांबली, कारण पुढचे तिला नीट बसले नव्हते. "सॉरी अज्जी, पुढचं चुकतंय." अव्वा म्हणाली, "पुढचं कशाला? जोगुळ शेवटपर्यंत कोण म्हणतंय? झोपलं की थांबायचं." आणि भाजी घेऊन उठली.

त्या रात्री मूळ गाणे पुन्हा लावून पाहिले. अव्वाने ठरवून दिलेली लय मोबाइलवर टिपली होती, ती आणि किमुरा यांची लय जवळजवळ एकच निघाली. तीन मात्रांच्या एका हेलकाव्याला दीड सेकंदाहून थोडे जास्त. माझा दादरा चुकीचा, मुलीचा विलंबितही चुकीचा, आणि ज्या बाईने गाणे आधी कधी ऐकले नव्हते, चित्रपट डुकरे पाहून अर्धा सोडला होता, तिची लय बरोबर.

आमच्या स्टाफरूममध्ये पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक आहेत. त्यांना मी हे सांगितले, म्हटले योगायोग पाहा. ते चहा पिता पिता म्हणाले, "योगायोग कसला? पाळणा म्हणजे लंबकच. साखळी किती लांब होती ते सांगा." लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो. साधारण एक मीटर लांबीचा लंबक असेल तर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद लागतो. जुन्या उभ्या घड्याळांची टिकटिक तीच. लांबी वाढली की वेळ वाढतो, पण वर्गमुळाच्या हिशेबाने. चौपट लांबीला दुप्पट वेळ. "तुमच्या गाण्याचा हेलकावा दीड सेकंदाहून थोडा जास्त आहे ना, मग लांबी आठ फुटांच्या आसपास हवी," ते पेपरच्या कोपऱ्यावर आकडे मांडून म्हणाले. "आणि वजनाचा संबंध नाही बरं का. पाळण्यात काय ठेवलंय, किती ठेवलंय, त्यानं फरक पडत नाही. वेळ तोच."

हे शेवटचे वाक्य त्यांनी पदार्थविज्ञान म्हणून सांगितले होते.

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक पाळणा आहे. शिसवी, चार कोपऱ्यांना पितळी कड्या, आणि तुळईला अडकवायच्या साखळ्या एका गोणपाटात गुंडाळलेल्या. मी त्याच पाळण्यात वाढलो असे मला सांगितले जाई. माझी मुलगी झाली तेव्हा मात्र अव्वाने तो काढू दिला नव्हता. "जुना झालाय, कीड असेल," म्हणाली आणि स्वतः जाऊन बाजारातून नवा झोळीचा आणला. मी तेव्हा फारसा विचार केला नाही. माझ्याआधी घरात एक मुलगी होऊन गेली, हे मला ऐकून माहीत होते. थोरल्या काकूंनी एकदा बोलता बोलता सांगितले होते आणि मग जीभ चावली होती. बाबा त्याविषयी कधी बोलले नाहीत. अव्वाही नाही. आणि ज्या गोष्टीवर घरात कोणीच बोलत नाही तिच्याविषयी मुले विचारत नाहीत. पुढे चाळिशी आली तरी विचारत नाहीत.

रविवारी मी शिडी लावून माळ्यावर चढलो आणि साखळ्या खाली आणल्या. मोजपट्टीने मोजत होतो. साखळी, मग पाळण्याची अर्धी उंची, मग वरचा आकडा. सगळे मिळून आठ फुटांना तीन-चार बोटे कमी. मी मनातल्या मनात खूश होत होतो, प्राध्यापकांना फोन करून सांगावे म्हणत होतो, आणि मागे वळलो तर अव्वा उभी.

"काय मोजतोस?"

मी तिला सांगितले. लंबक, लांबी, जपानी गाणे, सगळे. थोडे भरभर, चोरी सापडल्यासारखे. वजनाचा संबंध नसतो हेही सांगून बसलो. ती ऐकत होती. मग जमिनीवर बसली, साखळीची एक कडी हातात घेतली आणि म्हणाली, "होय. रिकामा पण तसाच जायचा."

मी गप्प राहिलो. हे लिहिताना वाटते की तेव्हा काही विचारायला हवे होते. पण न विचारल्यामुळेच ती बोलली असेल. १९७७ चा पावसाळा. मुलगी आठ महिन्यांची होती. ताप आला, तिसऱ्या दिवशी गेली. त्या तीन रात्री अव्वा पाळणा हलवत जोगुळ म्हणत होती, कारण ते म्हटले की ती रडायची थांबायची. गेल्यानंतर पाळणा काढायला घरात कोणाला सुचले नाही, पंधरा-वीस दिवस तो तसाच टांगलेला होता. रात्री अव्वाला झोप यायची नाही. हाताला दोरी लागायची. "हात ओढायचा," ती म्हणाली. "मी ओढत नव्हते. हात ओढायचा." मग एके दिवशी बाबांनी न बोलता पाळणा उतरवला आणि माळ्यावर टाकला. दोन वर्षांनी माझ्यासाठी तो पुन्हा लागला तेव्हा मला झोपवायचे काम आजीचे. अव्वा त्या दोरीला शिवली नाही. जोगुळही नाही.

"तुझी अज्जी मराठीतनं म्हणायची," ती म्हणाली. "तिचंही जो जो, माझंही जो जो. ते तेवढं दोन्हीकडं सारखंच."

तिच्या जोगुळाची चाल मी तिला विचारली. तिने शब्द म्हटले नाहीत, नुसते गुणगुणली, दोन ओळी. पेटी जवळ नव्हती, पण मी मनातल्या मनात स्वर लावत गेलो. सा रे ग, खाली धैवत, सा. सगळे शुद्ध. जपानी गाण्याशी तिची चाल मिळत नाही, तसा दावा मी करणार नाही. मात्र तीही सावर थांबत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी पुढे माळव्यात राहून बायकांच्या लोकगीतांतून नवे राग उभे केले, हे मी विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगत आलो. माझ्या घरातल्या जोगुळाची चाल मी पहिल्यांदा ऐकली ती सेहेचाळिसाव्या वर्षी, साखळी मोजताना.

तिने त्या मुलीचे नावही सांगितले. बारशात ठेवलेले एक, मराठी, आणि माहेरी हाक मारायचे एक, कन्नड. पहिले कागदावरसुद्धा कुठे नाही. तेव्हा दाखला काढायची घाई कोण करायचे? ती दोन्ही नावे मी इथे लिहीत नाही. ती अव्वाची आहेत.

संध्याकाळी मुलीला मी यातले जेवढे सांगता येईल तेवढे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग अज्जीजवळ जाऊन बसली आणि त्या गाण्याची हकिगत तिला सांगू लागली: ज्या सिनेमासाठी ते केले होते तो सिनेमा झालाच नाही, मग ते नुसतेच पडून राहिले, मग या दुसऱ्या पोरीच्या सिनेमाला लावले. अव्वा चुलीवर नजर ठेवून ऐकत होती.

"हाडु उळीतल्ल," ती म्हणाली. "साकु."

गॅदरिंगमध्ये मुलीने ते गाणे तबल्याशिवाय वाजवले. माइकवाल्याने पेटीपासून माइक लांब ठेवल्याने मागच्या रांगांना भात्याचा आवाज जास्त आणि सूर कमी ऐकू आला असावा. टाळ्या बेताच्याच पडल्या. तिच्या मैत्रिणी मात्र पुढच्या रांगेत बसून गाणे ओठांत म्हणत होत्या, जपानीत, चुकतमाकत. अव्वा आली नव्हती, थंडी होती. पण निघताना मुलीने तिच्यासमोर एकदा वाजवून घेतले होते आणि लय बरोबर आहे ना, हे विचारून घेतले होते.

साखळ्या मी अजून माळ्यावर परत टाकलेल्या नाहीत. गेल्या आठवड्यात पाहिले तर अव्वाने त्या चिंच लावून घासून ठेवल्या आहेत, उन्हात वाळवून, नव्या गोणपाटात. का, ते मी विचारलेले नाही.